शब्बाथाचा विसावा व मुंबईचा रविवार

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. शास्त्रपाठाचा तास संपवून मी फळा पुशीत होतो, तोच नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी मेजापाशी येऊन उभा राहिला. त्या दिवशी आम्ही दहा आज्ञांपैकी चौथी वाचली होती. मुलगा लालबागेत राहणारा, बापाचे छत्र लहानपणीच हरपलेला; आई परळच्या एका रुग्णालयात परिचारिका. त्याने विचारले, "सर, आईला महिन्यातून दोन-तीन रविवार तरी ड्यूटी असते, आणि मला दर रविवारी सकाळी दादरला क्लास असतो. मग आम्ही दोघेही ही आज्ञा मोडतो, असे समजायचे काय?"

प्रश्न सरळ होता. माझ्यापाशी मात्र सरळ उत्तर नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे त्या एका प्रश्नापायी मला पुष्कळ वाचावे लागले व त्याहूनही अधिक आपल्या स्वतःच्या घराकडे पाहावे लागले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडीत आहे. आपल्या शाळेत ख्रिस्ती विद्यार्थी थोडे व इतर पुष्कळ. तथापि विसाव्याची गरज सर्वांस सारखीच असल्यामुळे हा लेख कोणीही परका मानू नये.

प्रथम मूळ आज्ञा काय आहे ते पाहू. शब्बाथ ह्या इब्री शब्दाचा धात्वर्थ 'थांबणे' असा आहे. पवित्र शास्त्रात दहा आज्ञा दोन ठिकाणी आल्या आहेत. एकदा निर्गमाच्या 20 व्या अध्यायात व पुन्हा अनुवादाच्या 5 व्या अध्यायात. (आपण जिला चौथी म्हणतो तिला रोमन कॅथलिक मंडळी तिसरी म्हणतात, आज्ञा तीच, गणती निराळी.) दोन्ही ठिकाणी सहा दिवस काम व सातव्या दिवशी विसावा असेच सांगितले आहे. परंतु विसावा का घ्यावयाचा, ह्याचे कारण मात्र दोहोंकडे वेगळे आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. निर्गमात कारण दिले आहे ते सृष्टीच्या उत्पत्तीचे. देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून मनुष्यानेही घ्यावा. अनुवादात कारण दिले आहे ते गुलामगिरीचे. तुम्ही मिसर देशात दास होता, तेथून देवाने तुम्हांस सोडवून आणले, ह्याची आठवण ठेवून हा दिवस पाळावयाचा.

हे दुसरे कारण मला विशेष महत्त्वाचे वाटते. मिसरात विटा पाडणाऱ्या लोकांस वाराचा हिशेब नव्हता. फारोच्या मुकादमास रोजच्या विटांची भरती हवी असे, आणि गवत देण्याचे बंद केल्यावरही विटांची संख्या कमी करण्यास तो राजी नव्हता. अशा लोकांना जेव्हा सांगण्यात आले की आठवड्यातून एक दिवस तुम्ही काहीही करावयाचे नाही, तेव्हा त्यांना ते बंधन वाटले असेल काय? ज्याला थांबण्याचा अधिकार नाही तो दास, व ज्याला तो आहे तो स्वतंत्र, असाच त्याचा अर्थ त्यांनी घेतला असला पाहिजे.

आता ह्या आज्ञेतील माणसांची यादी पाहा. घरधनी, त्याचे मुलगे व मुली, दास व दासी, बैल, गाढव, इतर गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका. इतक्यांना विसावा मिळाला पाहिजे. अनुवादात तर दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असे मुद्दाम नमूद केले आहे. म्हणजे आपण स्वतः थांबलो की आज्ञा पाळली गेली, असे नव्हे. आपल्यामुळे जे कामास जुंपलेले आहेत तेही थांबले पाहिजेत. यादीत पत्नीचे नाव नाही. 'तू' ह्या शब्दात ती आलीच, असे टीकाकार सांगतात. आपल्याकडील घरांतून मात्र ती खरोखरच यादीबाहेर राहिली आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

शब्बाथ ही काही आपल्या प्रांतास इंग्रजांबरोबर आलेली वस्तू नव्हे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबागेच्या आसपासच्या गावांतून बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहत आले. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा. ते मराठी बोलत, मराठी पेहराव करीत. परंतु शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांचे नावच 'शनिवार तेली' असे ठेविले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'. शेजाऱ्यांस त्यांच्या धर्मग्रंथांचे नाव ठाऊक नव्हते, त्यांची प्रार्थना कळत नव्हती. पण आठवड्यातून एक दिवस घाण्याचा आवाज थांबतो व त्याचा बैल सावलीत उभा असतो, एवढे सर्वांस दिसत होते. पुढे ह्याच समाजाने 1796 साली मुंबईत मांडवीस आपले पहिले सभास्थान बांधले. अमेरिकन मिशनऱ्यांच्या व डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळांतून त्यांची मुले शिकली.

आपण ख्रिस्ती लोक शनिवार सोडून रविवार का पाळतो, हा प्रश्न वर्गात दरवर्षी निघतो. ख्रिस्ताचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, म्हणून त्याचे शिष्य त्या दिवशी भाकर मोडण्यासाठी एकत्र जमू लागले, हे उत्तर खरे आहे. परंतु आरंभीच्या तीनशे वर्षांत त्या दिवशी सुट्टी कोठली? मंडळीत दास पुष्कळ. कित्येक ठिकाणी उपासना पहाटे उजाडण्यापूर्वी होई. सुमारे 112 साली प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने बादशहास लिहिलेल्या पत्रात ही गोष्ट आली आहे. त्रोवस येथे पौल रात्री उशिरापर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, ही कथा मुलांना फार आवडते. तो दिवसभर कोठे तरी राबून आला असावा, असे मला नेहमी वाटते. रविवारी कामे बंद ठेवण्याचा हुकूम निघाला तो 321 साली, कॉन्स्टंटाइन बादशहाच्या कारकिर्दीत. न्यायकचेऱ्या व कारागिरांची दुकाने बंद झाली, शेतकऱ्यांस मात्र पेरणी-कापणीची मुभा राहिली.

तेव्हा ज्यांना रविवारी सुट्टी नव्हती तेही ख्रिस्तीच होते, आणि कदाचित आपल्याहून अधिक निष्ठेचे होते. लालबागच्या मुलास उत्तर देताना मला हा आधार फार उपयोगी पडला.

आता परळ-लालबागेकडे वळू. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर ह्यांनी 1854 साली स्थापिली. ताडदेवला ती 1856 पासून चालू झाली. पुढील तीस-पस्तीस वर्षांत गिरण्यांची धुराडी परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी अशी सर्वत्र उभी राहिली. विजेचे दिवे आले नव्हते तोपर्यंत काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून राबणेही मोठे. पहिला कारखाना कायदा 1881 साली झाला; त्यासाठी सोराबजी शापुरजी बंगाली ह्यांनी बरीच खटपट केली होती. परंतु त्या कायद्याने महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या त्या 12 वर्षांखालील मुलांना. त्यांच्या आईबापांस काही नाही.

ह्या आईबापांचा कैवार घेणारा मनुष्य म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म 1848 चा, ठाण्याचा. जोतीराव फुले ह्यांचे सहकारी व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. काही काळ ते स्वतः गिरणीत कोठाराच्या कामावर होते. त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 1880 सालापासून त्यांनी 'दीनबंधु' पत्र मुंबईतून चालविले. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व तेथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-निशाण्या केल्या. मागण्या कोणत्या? दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत, आणि यंत्रात सापडून दुखापत झाल्यास भरपाई. पगार वाढवून मागितलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. सर्वांत वर रविवार आहे.

रविवारच का? ह्याचे एक उत्तर आपल्या मराठी माणसास सांगावयास नको. गिरणीत काम करणारे बहुतेक लोक घाटावरचे व कोकणातले; घाटावरच्या घरोघरी खंडोबाचे टाक, आणि रविवार हा खंडोबाचा वार. लोखंडे ह्यांनी मागणी करताना ह्या वाराचा आधार घेतला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. राज्यकर्त्यांच्या कचेऱ्या बंद राहत त्याही रविवारीच. येणेप्रमाणे जेजुरीचा देव व प्रभूचा दिवस ह्यांची परळच्या मैदानात गाठ पडली.

अर्ज करूनही पाच-सहा वर्षे काही झाले नाही. अखेर 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सभा भरली. दहा हजार कामगार जमले होते, आणि दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. आजपासून सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, दहा हजारांच्या जमावासमोर गिरणीतील बाईने उभे राहून आठवड्यातील एक दिवस मागावा, ही गोष्ट डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखी आहे. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षी, 1891 च्या कायद्याने, आठवड्याची सुट्टी सर्व कामगारांस लागू झाली. लोखंडे ह्यांना 1897 साली, प्लेगाच्या साथीत, मृत्यू आला. 2005 साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट निघाले.

येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. आम्ही मिशनच्या शाळांतून शिकलेले लोक रविवार ही आपली देणगी आहे असे मनातल्या मनात समजत असतो. त्या काळी मुंबईत ख्रिस्ती देवळे होती, शब्बाथशाळा होत्या, रविवार कसा पाळावा ह्यावर उत्तम प्रवचनेही होत असत. परंतु गिरणीच्या भोंग्याला रविवारी गप्प बसविण्याचे काम एका सत्यशोधकाने व दहा हजार अक्षरशत्रू लोकांनी केले. आज्ञा आमच्या पुस्तकात होती. तिच्यातील दासदासींचा भाग त्यांनी अमलात आणला.

दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुट्टी मिळाल्याने राबणे संपले नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा 1905 च्या सुमारास कित्येक गिरण्या दिवसास चौदा-पंधरा तास चालू लागल्या. पुरुष कामगारांस बारा तासांची मर्यादा मिळण्यास 1911 साल उजाडावे लागले. विसाव्याच्या दिवसाला बाकीच्या सहा दिवसांकडून नेहमीच धोका असतो.

आता घरातील गोष्ट. माझी आजी गिरगावात, चर्नी रोडजवळच्या एका चाळीत राहत असे. तिच्या घरी शब्बाथाची तयारी शनिवारी दुपारपासूनच सुरू होई. मसाला वाटून ठेवायचा, कपड्यांस इस्त्री करायची, बुटांस पॉलिश, दिव्यांत वात. रविवारी सुई हातात घ्यायची नाही, बाजारात जायचे नाही, गोष्टीचे पुस्तक वाचायचे नाही. सकाळी उपासना, दुपारी शब्बाथशाळा, संध्याकाळी पुन्हा भजन. आम्हां मुलांना तो दिवस थोडा लांबच वाटे, हे खोटे कशाला सांगू! परंतु आजोबांचा आवाज त्या दिवशी चढत नसे आणि घड्याळाकडे कोणी पाहत नसे, एवढे मात्र अद्याप आठवते.

आणखी एक गोष्ट आठवते, आणि ती ह्या लेखाच्या निमित्तानेच प्रथम आठवली. आम्ही देवळातून परत येत असू तेव्हा मोरीत एक बाई भांडी घाशीत बसलेली असे. ती रविवारीही येई; किंबहुना रविवारी पाहुणे असल्यामुळे तिला दुप्पट भांडी पडत. नुकतीच चौथी आज्ञा म्हणून आलेले आम्ही सात-आठ जण तिच्या अंगावरून आत जात होतो. वर्षानुवर्षे जात होतो. तिची सुट्टी कोणत्या वारी होती, हे मला आज कितीही आठवून सांगता येत नाही. बहुधा ती नव्हतीच.

आपल्या घरी आज काय चालते, हे प्रत्येक पालकाने पाहावे. रविवार म्हणजे मटणाचा किंवा मासळीचा बेत. पुरुष वर्तमानपत्र घेऊन बसतात, मुले उशिरा उठतात, आणि घरातील बाई रोजच्यापेक्षा दोन तास अधिक चुलीपुढे असते. तिचा शब्बाथ कोणता? कोणी म्हणेल, त्यासाठीच तर आम्ही जेवण बाहेरून मागवितो. ठीक, पण मग भर पावसात पाठीवर पिशवी लावून दुचाकीवरून चार जिने चढून येणारा तो तरुणही वेशीच्या आत राहणारा परकाच आहे. मला ह्याचे निर्दोष उत्तर सापडलेले नाही. आमच्या घरापुरते आम्ही असे ठरविले आहे की रविवारी खिचडी किंवा शनिवारचे उरलेले खावे, भांडी ज्याची त्याने धुवावी, आणि कामाला येणाऱ्या बाईंना त्या दिवशी पगार न कापता सुट्टी द्यावी. पहिले दोन महिने कुरकूर झाली. माझी सर्वांत अधिक.

आजचे परळ पाहिल्यास गिरण्यांच्या जागी मोठमोठे मनोरे व दुकाने उभी आहेत. 1982 च्या संपानंतर भोंगे एकेक करून बंद झाले. रविवारी डबेवाले घरी असतात, आगगाडीच्या मार्गावर दुरुस्ती चालते. परंतु दुकाने, दवाखाने, क्लास ह्यांना वार उरलेला नाही. महाराष्ट्रातील 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्यास हरकत नाही. नोकरास मात्र आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी लागते, मग तो वार कोणताही असो. घरी काम करणाऱ्या बाईची सुट्टी बहुधा मालकिणीच्या मनावर अवलंबून असते. आणि भोंगा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. तो रविवारी रात्री अकरालाही वाजतो व आपण मुकाट्याने उठून जातो.

प्रभू येशूने ह्या बाबतीत काय केले? त्याच्या काळच्या परूश्यांनी शब्बाथ इतका आवळला होता की भुकेलेल्या शिष्यांनी कणसे मोडली तरी दोष लागे. त्याने उलट सांगितले की दिवस माणसासाठी केलेला आहे. अठरा वर्षे वाकून गेलेल्या एका बाईला त्याने शब्बाथ दिवशीच, सभास्थानातच, सरळ उभी केली. आणि सभास्थानाचा अधिकारी रागावला तेव्हा त्याला आठवण दिली की तूसुद्धा ह्या दिवशी बैलाला गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतोसच. दयेचे काम त्या दिवशी थांबत नाही, इतकेच नव्हे, त्या दिवसाचा ते खरा उपयोग आहे. परळच्या रुग्णालयात रविवारी रात्री तापकऱ्याच्या उशाशी बसणारी परिचारिका आज्ञा मोडीत नाही, हे मी त्या मुलास पहिल्या दिवशीच सांगावयास हवे होते.

मात्र तिलाही विसावा हवा. देहाला वार कळत नाही, पण सातावा दिवस कळतो. पौलाने रोम येथील मंडळीस लिहिले आहे की कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो. प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. तेव्हा जिला रविवार मिळत नाही तिने बुधवार घ्यावा, गुरुवार घ्यावा, पण तो पुरता घ्यावा. त्यात उरलेली कामे भरू नयेत.

क्लासची गोष्ट निराळी. ती दया नव्हे, गरज म्हणावी तर तीही अर्धीच. येथे मला रानातल्या मान्न्याची कथा आठवते. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा, सातव्या दिवशी बाहेर पडू नका, असे सांगितलेले असताना काही लोक टोपल्या घेऊन गेलेच, आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत आले. आपण मागे पडू, दुसरा पुढे जाईल, ही धास्ती त्यांच्याही मनात असणार. पालकांना माझे सांगणे एवढेच की रविवारचा क्लास बंद करणे शक्य नसेल तर मुलास आठवड्यातील दुसरी एखादी संध्याकाळ पुरती मोकळी सोडावी व त्या संध्याकाळी परीक्षेचे नाव काढू नये.

उत्तर देण्यास मला एक दिवसाऐवजी तीन आठवडे लागले. मुलाने ते ऐकून घेतले व आईस सांगितले. तिची साप्ताहिक सुट्टी त्या महिन्यात गुरुवारी येत होती. दोघांनी ठरविले की गुरुवारी सात वाजता पुस्तके व फोन कपाटात ठेवायचे, मीठ-भात खाऊन खाली उतरायचे आणि नरे पार्कात जाऊन बसायचे. परत आल्यावर एक स्तोत्र वाचायचे व निजायचे.

दिवाळीपूर्वी तो मला जिन्यात भेटला. शुक्रवारी क्लासची गणिताची चाचणी होती, म्हणाला, आणि आदल्या दिवशी गुरुवार. दोन प्रमेये राहिली होती. "मग?" मी विचारले. "सातला पुस्तक मिटले, सर. आईने विचारलेसुद्धा, आज राहू द्यायचे का म्हणून. मीच नको म्हटले." चाचणीत गुण किती पडले हे त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. उद्यानात त्या रात्री गारवा होता, आई बाकावर बसल्या बसल्या झोपली आणि तिला उठवायला त्याला अर्धा तास धीर झाला नाही, एवढे त्याने सांगितले.